शंभर घरांची वस्ती आखताना: आधी पाणी, मग पायवाट, शेवटी घर

नवी वस्ती कागदावर आणायला बसले की हात आधी रस्त्यांच्या रेघा मारू लागतो. तो आवरावा. पर्जन्यछायेच्या प्रदेशात तिथे किती माणसे नांदतील, किती गुरे पोसतील आणि शेतात काय पिकेल हे पाणी ठरवते, म्हणून पहिला कागद पाण्याच्या हिशेबाचा.

उदाहरणाला अहिल्यानगर, बीड, सोलापूर या पट्ट्यातली १०० एकर, म्हणजे ४० हेक्टर जमीन घेऊ. घरे १००, माणसे ५००, मोठी जनावरे १५०, पाऊस ४५० मिमी. पावसाचा आकडा सरासरीचा नको. जवळच्या पर्जन्यमापकाच्या गेल्या १० वर्षांच्या नोंदी चढत्या क्रमाने लावाव्यात आणि सर्वांत कमी पावसाकडून तिसरे वर्ष धरावे. सरासरीवर बेतलेला हिशेब निम्म्या वर्षांत तोंडावर पडतो.

१ हेक्टरवर १ मिमी पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी. आपल्या ४० हेक्टरवर ४५० मिमीचे झाले १८ कोटी लिटर. आकडा मोठा वाटतो, पण बरेचसे पाणी वाफ होऊन उडते, पिके आणि गवत पितात, उरलेले ओढ्याने निघून जाते. काळ्या पाषाणाच्या भागात पावसाचा साधारण ७ ते १३ टक्के हिस्साच भूजलात उतरतो असे धरतात. १० टक्के घेतले तर विहिरींच्या वाट्याला १ कोटी ८० लाख लिटर.

आता खर्च. माणशी रोज ५५ लिटरप्रमाणे ५०० जणांना वर्षाला १ कोटी लिटर. जनावरामागे रोज ६० लिटर धरले तर ३३ लाख. उरले ४७ लाख लिटर. एक एकर उसाला वर्षभरात सुमारे २००० मिमी पाणी लागते. पावसाचे ४५० मिमी वजा केले तरी ते ६२ लाख लिटर होते. म्हणजे अख्ख्या वस्तीचे उरलेले पाणी एका एकराच्या उसालाही पुरत नाही. याच ४७ लाखांत रब्बी ज्वारीला ५० मिमीचे एक संरक्षित पाणी, म्हणजे पीक वाचवण्यापुरती एक पाळी, द्यायचे, तर एकरी २ लाख लिटर धरून २३ एकर भिजतात. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावाने शेतीसाठी बोअर घ्यायला आणि ऊस-केळी लावायला बंदी घातली, त्यामागचे गणित हेच आहे. हा आकडा वस्तीत येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला जमीन घेण्याआधी दाखवावा, नंतर नव्हे.

धान्याचेही तसेच रोखठोक पाहावे. माणशी महिना १२ किलोप्रमाणे ५०० जणांना वर्षाला ७२० क्विंटल लागते. गावठाणाला १० एकर आणि माथ्यावरच्या कुरणाला १५ एकर सोडले की पेरायला ७५ एकर राहतात. भिजलेल्या २३ एकरांत एकरी ७ क्विंटल आणि कोरडवाहू ५२ एकरांत ४ क्विंटल ज्वारी धरली, तर येते सुमारे ३७० क्विंटल, गरजेच्या जेमतेम निम्मे. तेही सगळ्या रानात ज्वारीच पेरली तर. तूर-हरभऱ्याला जागा दिली की आकडा आणखी उतरतो. तेव्हा ‘सगळे गावातच पिकवू’ असे कोणी म्हणाले की हा कागद पुढे ठेवावा. भाजी, दूध, चारा आणि सरपण यांत स्वावलंबन साधते. धान्य काही प्रमाणात विकत आणावेच लागेल. त्यासाठी दूध किंवा कारागिरीचे रोख उत्पन्न आराखड्यातच हवे.

पाणी अडवण्याचे काम माथा ते पायथा याच क्रमाने करावे. वर ६० सेंमी रुंद आणि ३० सेंमी खोल सलग समतल चर (उताराला आडवे, एकाच पातळीत खणलेले),  त्याखाली बांधबंदिस्ती आणि दगडी बांध, सर्वांत शेवटी ओढ्यावरचा सिमेंट बंधारा. उद्घाटनाला बंधारा शोभतो म्हणून तो आधी बांधला, तर वरची माती वाहत येऊन काही पावसाळ्यांतच तो गाळाने भरतो. चर खणताना समपातळी नजरेने ठरवू नये. पाण्याने भरलेल्या पारदर्शक नळीने दर काही पावलांवर तपासावी. चर एका टोकाला थोडा जरी उतरता राहिला तरी पाणी तिकडे गोळा होऊन बांध फोडते आणि खाली घळ पाडते.

आता गावठाण. १९९३च्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादमधली (आताचे धाराशिव) ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. कित्येक ठिकाणी चौकटीच्या आखणीचे रुंद, सरळ रस्ते आणि सुटी सुटी घरे आली. जुन्या गावाच्या कितीतरी पट जमिनीवर वस्ती पसरली. घराचे आकारमान जमीनधारणेवर ठरले, त्यामुळे आळीतले शेजारी आणि भाऊबंद पांगले. भिंती भूकंपाला टिकतील अशा मिळाल्या, पण पाण्याला, दुकानाला, शेजाऱ्याकडे जायचे अंतर वाढले. नव्या आखणीत हे टाळता येते.

१०० घरांना प्रत्येकी २०० चौरस मीटर धरले तर २ हेक्टर. रस्ते, पार, शाळा आणि मोकळी जागा मिळून आणखी २. चार हेक्टरांचे वर्तुळ काढले तर मध्यापासून काठापर्यंत ११५ मीटरही होत नाहीत. म्हणजे अंगणवाडी, रेशन दुकान, गिरणी, दूध संकलन केंद्र आणि एसटीचा थांबा मध्यावर ठेवले, तर कोणत्याही घरापासून वाटेने २०० मीटरच्या आत येतात. अंतर मोजायचे ते वाटेने, नकाशावर पट्टी ठेवून नाही. जमिनीवर फक्कीने रेघा मारून घ्याव्यात आणि वस्तीतल्या वयस्क बायकांना भर दुपारी त्या वाटेने चालायला सांगावे. जिथे त्या टेकायला जागा शोधतील, तिथे ओटा किंवा पार.

एप्रिल-मेच्या उन्हात सावली नसेल तर २०० मीटरसुद्धा कोणी चालत नाही, मोटारसायकल काढतात. पायवाटेच्या दक्षिण-पश्चिम अंगाला कडुनिंब आणि करंज ६ ते ८ मीटरवर लावावेत. गुलमोहर नको, वादळात फांद्या मोडतात. वड-पिंपळ पारावरच शोभतात, घराजवळ त्यांची मुळे बांधकामाच्या पायात शिरतात. रस्त्याची किमान रुंदी विकास नियमावलीप्रमाणे ठेवावीच लागते, मात्र ती सगळी काँक्रीटने भरायची गरज नाही. मध्ये ३.५ मीटर पक्का पट्टा पुरतो, बाकी झाडांना आणि मुरणाऱ्या पाण्याला.

प्रत्येक घराच्या ६० चौरस मीटर छपरावर, २० टक्के घट धरूनही, वर्षाला २१,६०० लिटर पाणी मिळते. पिण्या-स्वयंपाकाला घरटी रोज ४० लिटर धरले तर कोरड्या ८ महिन्यांना १०,००० लिटरची टाकी पुरेशी आहे. पहिल्या पावसाचे १००-१२० लिटर वेगळ्या नळीने बाहेर सोडावेत आणि झाकणाला डासांची जाळी लावावी. टाकीत ऊन शिरले की शेवाळ धरते.

सांडपाणी घरटी रोज २०० लिटरच्या वर निघते. नांदेड जिल्ह्यातल्या गावांनी वापरलेला शोषखड्डा, ज्याला तिथे ‘मॅजिक पिट’ म्हणतात, मुरमाड जमिनीत उत्तम चालतो. ४ फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा, मध्ये वरच्या बाजूला भोके पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती दगड. गाळ टाकीत बसतो आणि निवळलेले पाणी मुरते. चिकण काळ्या मातीत मात्र तो तुंबतो. म्हणून आधी फूटभर खोल खळगा पाण्याने भरून पाहावे. दुसऱ्या दिवशीही पाणी तसेच असेल तर शोषखड्ड्याचा नाद सोडून ते परसबागेतल्या केळी-अळूकडे वळवावे. शौचालयाला दोन खड्डे, एका वेळी एकच चालू. गवंडी घाईत दोन्ही जोडून टाकतात, मग दोन्ही एकदमच भरतात आणि खत होण्याची मुदत कुठल्याच खड्ड्याला मिळत नाही. कोणताही खड्डा विहिरीपासून किमान १५ मीटर दूर हवा.

गोबरगॅसचा निर्णय गोठा पाहून घ्यावा. २ घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे ५० किलो शेण आणि तेवढेच पाणी लागते, म्हणजे ४-५ जनावरे दावणीला हवीत. दोन शेळ्यांच्या घरी तो अडगळ होतो.

नियम मात्र घरे उभी राहण्याआधी लिहून काढावेत. १९७२च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली, तिथे पाण्याचा हक्क जमिनीवर नाही, माणसांवर मोजला: माणशी अर्ध्या एकरापुरते पाणी, भूमिहीनांनाही वाटा, आणि ऊस नाही. आमच्या मते याहून न्याय्य वाटप अजून सुचलेले नाही. नियम मोडतात ते बहुधा दुष्काळात नाही, सलग दोन चांगल्या पावसांनंतर. तेव्हाच कोणीतरी गुपचूप बोअर पाडतो. म्हणून निरीक्षणाच्या ३ विहिरी ठरवाव्यात, कठड्यावर तांबड्या रंगाची खूण करून तिथूनच टेप सोडावा, आणि ऑक्टोबर, जानेवारी, मार्च, मे महिन्यांतली मापे चावडीच्या भिंतीवर लिहावीत. ऑक्टोबरचे माप लिहिले की त्याच आठवड्यात ग्रामसभा आणि त्याच सभेत रब्बीला कोणाचे किती एकर भिजायचे ते ठरवावे. पेरणी झाल्यावर सभा घेतली तर वाद पाण्याचा राहत नाही, उभ्या पिकाचा होतो.