पगार थकला, रोस्टर बिघडला: शिरपूर-जळगावच्या वैमानिक पोरांसाठी

मी यावलचा. खासगी चार्टर कंपनीत, म्हणजे भाड्याने विमान देणाऱ्या कंपनीत, विमान उडवायचो. तिथे साडेतीन महिने पगार थकला, तेव्हा वडिलांनी केळीचे आलेले पैसे माझ्या कर्जाच्या हप्त्याला लावले. म्हणून पोटतिडकीने सांगतोय.

पगार लांबला की लगेच ईमेल करा. फोनवरचं आश्वासन पुढे सिद्ध करता येत नाही. स्लिपवर कापलेला पीएफ खरंच जमा होतोय का, ते ईपीएफओच्या, म्हणजे भविष्य निर्वाह निधी कार्यालयाच्या, पासबुकात बघा. टीडीएस, म्हणजे पगारातून कापलेला आयकर, फॉर्म 26एएसमध्ये दिसतो. माझ्या स्लिपवर कपात होती, पासबुकात चार महिने काहीच नव्हतं. तेच कागद घेऊन आम्ही आठ जण एकत्र गेलो, तेव्हा कुठे व्यवस्थापन बोलायला बसलं. एकेकटे गेलो होतो तेव्हा चहा पाजून परत पाठवलं होतं.

रोस्टर, म्हणजे ड्यूटीचं वेळापत्रक, बिघडलं की रिपोर्टिंगची वेळ, चॉक्स ऑफ (विमान जागेवरून हललं ती वेळ), चॉक्स ऑन (परत जागेवर थांबलं ती वेळ), मिळालेली विश्रांती रोज वहीत लिहा. थकवा असेल तर उड्डाणाआधीच लेखी कळवा. रात्री अकराला ‘साहेब निघालेत’ असा फोन आला तरी भाऊ, मागे बसलेल्यांचा जीव तुमच्या हातात असतो.

मूळ लायसन्स आणि लॉगबुक कंपनीकडे ठेवू नका.

राजीनामा रागात देऊ नका. एअरलाइनमध्ये डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) 2017 च्या नियमानुसार कमांडरला, म्हणजे मुख्य वैमानिकाला, 1 वर्षाची, सह-वैमानिकाला 6 महिन्यांची नोटीस लागते. त्या काळात ड्यूटी नाकारता येत नाही, आणि कंपनीलाही तुमचे हक्क काढून घेता येत नाहीत. कंपनीचं ना-हरकत पत्र मिळालं तर मुदत कमी होते. ते लेखीच मागा.