उत्कलनांकांचा क्रम तक्ता न बघता कसा लावावा

चार-पाच सहसंयुज संयुगे (अणूंनी इलेक्ट्रॉन वाटून घेऊन बनलेली) समोर आहेत आणि आधी कोणते उकळेल, शेवटी कोणते, एवढे ठरवायचे आहे. प्रत्येकाची रचना कागदावर काढा. नुसत्या रेणुसूत्रावर भागत नाही. एथॅनॉल आणि डायमिथाइल ईथर यांचे सूत्र एकच, पण पहिले ७८ अंशांना उकळते आणि दुसरे उणे २४ ला. (इथले सगळे आकडे सेल्सियसमध्ये, एक वातावरण दाबाचे आणि ढोबळ आहेत.)

१. रेणू सुटे आहेत का? हिरा, सिलिका यांत सुटे रेणू नसतात, सगळे एकच जाळे असते. ती यादीतून बाजूला काढा.

उरलेल्यांबद्दल एक गोष्ट पक्की धरा: उकळताना रेणूच्या आतला बंध तुटत नाही. पाण्यातला ऑक्सिजन-हायड्रोजन बंध तोडायला मोलमागे सुमारे ४६० किलोज्यूल लागतात, तर पाण्याची वाफ करायला जेमतेम ४१. तेव्हा ‘सहसंयुज बंध मजबूत म्हणून उत्कलनांक जास्त’ असे वाक्य कुठे दिसले तर खुशाल खोडा. मोजायची ती रेणू-रेणूंमधली ओढ.

२. हायड्रोजन बंध शोधा, म्हणजे एका रेणूतला हायड्रोजन आणि शेजारच्या रेणूतला नायट्रोजन, ऑक्सिजन किंवा फ्लोरिन यांच्यातली ओढ. नायट्रोजन, ऑक्सिजन किंवा फ्लोरिनला थेट जोडलेला हायड्रोजन हवा. अ‍ॅसिटोनमध्ये ऑक्सिजनही आहे आणि हायड्रोजनही, पण सगळे हायड्रोजन कार्बनवर बसलेले. त्यामुळे अ‍ॅसिटोनच्या दोन रेणूंत हायड्रोजन बंध धरू नका.

३. आता खरी गोची: कोणते बल भारी? ‘हायड्रोजन बंध सर्वांत प्रबळ, मग द्विध्रुव, शेवटी लंडन बल’ ही उतरंड बहुतेकांनी पाठ केलेली असते, आणि क्रम चुकतो तो तिच्यामुळेच. (द्विध्रुव म्हणजे रेणूची एक बाजू कायम थोडी धन, दुसरी थोडी ऋण; लंडन बल म्हणजे इलेक्ट्रॉन क्षणभर एका बाजूला सरकल्याने होणारी ओढ.) रेणूंचा आकार जवळपास सारखा असेल तेव्हाच ती चालते. ब्युटेन, अ‍ॅसिटोन, १-प्रोपॅनॉल आणि एथिलीन ग्लायकॉल ही चौकडी पाहा. रेणुवस्तुमान ५८ ते ६२, प्रत्येकात ३२ ते ३४ इलेक्ट्रॉन. उत्कलनांक अनुक्रमे उणे ०.५, ५६, ९७ आणि १९७. आकार बरोबरीचा असल्यामुळे ध्रुवीयतेचा आणि हायड्रोजन बंधांचा परिणाम स्वच्छ दिसतो.

आकारात तफावत आली की उतरंड कोलमडते. ऑक्टेनमध्ये हायड्रोजन बंध औषधालाही नाही, तरी ते १२६ अंशांना उकळते. एथॅनॉलला ७८ पुरतात. कार्बन टेट्राक्लोराइडचा एकूण द्विध्रुव शून्य, क्लोरोफॉर्म ध्रुवीय. तरीही कार्बन टेट्राक्लोराइड ७७ ला उकळते आणि क्लोरोफॉर्म ६१ ला. हायड्रोजन क्लोराइडची ध्रुवीयता हायड्रोजन आयोडाइडच्या दुपटीहून जास्त, पण उत्कलनांक उणे ८५. आयोडाइडचा उणे ३५. पहिल्यात १८ इलेक्ट्रॉन, दुसऱ्यात ५४. इलेक्ट्रॉनांचा ढग मोठा आणि सैल असला की तो सहज डळमळतो, क्षणिक द्विध्रुव मोठे होतात आणि ‘दुबळे’ म्हणून शेवटी ढकललेले लंडन बलच बाजी मारते.

म्हणून आधी इलेक्ट्रॉन मोजा. आकडे जवळपास असतील तरच उतरंड लावा. एकाचे दुसऱ्याच्या दुप्पट-तिप्पट असतील तर लंडन बलाला आधी मान द्या. अपवाद पाण्यासारखा: १० इलेक्ट्रॉनांचे पाणी १०० अंशांपर्यंत टिकते आणि १८ इलेक्ट्रॉनांचे हायड्रोजन सल्फाइड उणे ६० लाच उकळते, कारण पाण्याचा एक रेणू चार शेजाऱ्यांपर्यंत हायड्रोजन बंध जोडू शकतो. हायड्रोजन फ्लोराइडचा एकेक बंध पाण्यापेक्षा बळकट, पण रेणूमागे हायड्रोजन एकच, म्हणून ते १९.५ लाच उकळते. बंध आहे का एवढेच पाहून थांबू नका, किती आहेत तेही मोजा.

आणि ‘जड रेणूला उडायला जास्त उष्णता लागते’ हे स्पष्टीकरण तर टाकूनच द्या. हेक्झेनचे रेणुवस्तुमान ८६, उत्कलनांक ६९. त्याच्या सगळ्या हायड्रोजनांच्या जागी फ्लोरिन घातले की वस्तुमान ३३८ होते, इलेक्ट्रॉन ५० चे १६२ होतात, आणि उत्कलनांक उतरून ५७ च्या आसपास येतो! फ्लोरिन आपले इलेक्ट्रॉन घट्ट धरून ठेवतो, ढग डळमळत नाही. फ्लोरिनने भरलेला रेणू दिसला की वरची मोजणी बाजूला ठेवा.

४. बरोबरी झाली तर रेणूची ठेवण पाहा, लांबट की गोल. सरळ साखळीचे पेंटेन ३६, एक फांदी असलेले २८, चेंडूसारखे गोल निओपेंटेन ९.५. जितका गोळा, तितकी एकमेकांना टेकायला जागा कमी.

५. हायड्रोजन बंध घरातच तर मुरला नाही ना? ऑर्थो-नायट्रोफेनॉलमध्ये दोन्ही गट (हायड्रॉक्सिल आणि नायट्रो) शेजारी असतात, त्यामुळे हायड्रोजन बंध त्याच रेणूत होतो आणि शेजाऱ्यासाठी काही उरत नाही. पॅरामध्ये गट समोरासमोर, म्हणून बंध रेणू-रेणूंमध्ये. उत्कलनांक ऑर्थोचा २१६, पॅराचा २७९. दोघांच्या मिश्रणातून वाफ सोडली तर ऑर्थो वाफेबरोबर निघून जाते आणि पॅरा फ्लास्कमध्येच राहते.