स्कॅनर गाडीशी बोलत नसेल तर

जुन्या गाडीच्या डॅशबोर्डवर एकदम तीन-चार दिवे लागले आणि गाडीतले दोष वाचणाऱ्या स्कॅनरवर ‘यू’ने सुरू होणारे, म्हणजे मॉड्यूलमधला (गाडीतल्या छोट्या संगणकांमधला) संपर्क तुटल्याचे कोड दिसले, की संशय थेट महागड्या ईसीयूवर, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकावर जातो, पण आधी बॅटरी आणि अर्थिंग (बॅटरीच्या ऋण टोकाची गाडीच्या धातूशी असलेली जोडणी) तपासावे. गाडी बंद असताना चांगली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. मल्टिमीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर धरून कोणाला तरी स्टार्टर मारायला सांगावे. आकडा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला, तर अर्थची वायर किंवा तिचे बोल्ट गंजलेले असतात. स्कॅनरला वीजच मिळत नसेल, तर सिगारेट लायटरचा फ्यूज पाहावा, कारण अनेक गाड्यांत दोघांचा फ्यूज एकच असतो.

त्यानंतर बॅटरीची ऋण वायर काढून, काही मिनिटे थांबून, ओबीडी सॉकेटच्या (जिथे स्कॅनर जोडतात त्या) ६ आणि १४ क्रमांकांच्या पिनांमधला रोध मोजावा. कॅन वायरिंगच्या, म्हणजे मॉड्यूलना एकमेकांशी जोडणाऱ्या दोन तारांच्या जोडीच्या, दोन्ही टोकांना बहुधा १२० ओहमचा एकेक रोधक असल्याने मीटरवर सुमारे ६० यायला हवेत. १२० आले, तर एक रोधक किंवा तार तुटली आहे. शून्याजवळ आले, तर दोन्ही तारा एकमेकींना चिकटल्या आहेत, आणि तेव्हा एकेक मॉड्यूलचा कनेक्टर काढत आकडा कधी सुधारतो ते पाहावे. पावसाळ्यानंतर पायाखालच्या ओल्या कार्पेटजवळचा कनेक्टर सर्वांत आधी उघडावा. पिनांवरची हिरवट भुकटी बरेच काही सांगून जाते. फार जुन्या गाड्यांत कॅनऐवजी ७ क्रमांकाच्या पिनवर एकच तार असते, तिथे ही मोजणी लागू पडत नाही.