छोट्या टीमसाठी लीव्ह सॉफ्टवेअर घेताय? आधी या चुका टाळा

दहा-पंधरा-पंचवीस माणसांच्या ऑफिसांचं पेरोल बघणं हे माझं काम. महिन्याच्या २५ तारखेनंतर जे फोन सुरू होतात त्यातले बरेचसे पगाराचे नसतातच, रजेचे असतात. "माझे दोन सीएल कुठे गेले?", "मी हाफ डे टाकला होता, पूर्ण दिवस का कापला?", "मॅडम म्हणतात सिस्टीमच असं दाखवते." सॉफ्टवेअर चांगलं असतं, पैसे भरलेले असतात, आणि तरीही भांडणं तीच. कारण चुका घ्यायच्या वेळी झालेल्या असतात, वापरताना नाही. त्याच त्या चुका इतक्या वेळा बघितल्यात की एकदा सगळ्या लिहूनच टाकतो.

नियम ठरवायच्या आधी डेमो बघणं

ही सगळ्यात मोठी. छोट्या ऑफिसात रजा कशी चालते ते सगळ्यांना माहितीये. कोणी विचारलं की सर "हो, जा" म्हणतात, अकाउंट्सच्या मॅडम एक्सेलमध्ये खूण करतात, आणि अडचण आली की सर तोंडी निकाल देतात. यात वाईट काहीच नाही, माणसं कमी असली की असंच चालतं. पण सॉफ्टवेअरला तोंडी निकाल कळत नाही. शुक्रवारी आणि सोमवारी रजा घेतली तर मधला शनिवार-रविवार रजेत धरायचा का? सॉफ्टवेअरमध्ये त्याची एक खूण असते, ती करायची किंवा नाही करायची, तिसरा पर्याय नाही. ऑफिसात मात्र आजवर एकाचा धरलाय आणि दुसऱ्याचा सोडलाय, कारण त्याच्या घरी लग्न होतं.

मग होतं काय, की सेटअप करायला बसलेला नवीन मुलगा विक्रेत्याच्या माणसाला फोनवर विचारतो "बाकीचे काय ठेवतात?" आणि तेच ठेवून मोकळा होतो. झालं, ती तुमच्या कंपनीची पॉलिसी झाली, आणि मालकाला ती कळते दिवाळीनंतर जेव्हा तीन जण एकदम केबिनमध्ये येतात तेव्हा.

माझी सवय अशी की डेमो ठरवायच्या आधी मी मालक आणि अकाउंट्स बघणारी व्यक्ती या दोघांना एकत्र बसवतो आणि एका ए-फोर कागदावर हाताने लिहून घेतो. रजेचं वर्ष जानेवारीपासून की एप्रिलपासून, रजा एकदम जमा करायच्या की हप्त्याने, मध्येच जॉइन झालेल्याला किती, नोटीस पीरियडमध्ये रजा मिळते का, हाफ डे कुठल्या वेळेनंतर, कॉम्प ऑफ (सुट्टीच्या दिवशी काम केल्याबद्दल मिळणारी बदली सुट्टी) किती दिवसांत वापरायचा, बिनपगारी दिवस कापताना भागाकार ३० ने की २६ ने की त्या महिन्याच्या दिवसांनी. या शेवटच्या प्रश्नावर दोघांची उत्तरं हमखास वेगळी येतात. येऊ द्या, तो वाद कागदावरच मिटवा. एक पान भरायला दुपार जाते आणि लोकांना तेवढाही धीर नसतो, "आधी घेऊन तर टाकू, मग बघू" हे मी इतकं ऐकलंय की आता तिथे मी सरळ थांबतो. कागद झाल्याशिवाय डेमो नाही.

डेमोतसुद्धा त्यांची उदाहरणं बघत बसू नका, ती नेहमी बरोबरच येतात. आपल्या मागच्या वर्षीच्या रजिस्टरमधल्या सगळ्यात किचकट दोन-तीन रजा काढा आणि म्हणा, ही टाकून दाखवा.

कागदावर कायद्याचं गणित पण आलं पाहिजे. महाराष्ट्रात ज्या ऑफिसांना २०१७ चा दुकाने व आस्थापना अधिनियम लागू होतो तिथे वर्षाला ८ दिवस किरकोळ रजा म्हणजे सीएल, त्या दर तिमाहीला जमा होतात आणि वर्षअखेरीला उरल्या तर जातात. अर्जित रजा म्हणजे पीएल वेगळी, वर्षात २४० दिवस काम केलं असेल तर दर २० दिवसांमागे १, आणि ती ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. आता बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये सुरुवातीचं सेटिंग दरमहा जमा असं असतं, त्यामुळे ८ भागिले १२ होऊन जानेवारीत माणसाच्या खात्यात ०.६७ सीएल दिसतो. त्याला एक दिवस रजा हवी असते आणि सिस्टीम म्हणते शिल्लक नाही. कायद्याने त्या तिमाहीचे २ जमा व्हायला हवेत. तसंच पुढच्या वर्षात किती रजा न्यायच्या ती मर्यादा, ती शून्यावर राहिली तर ३१ डिसेंबरच्या रात्री लोकांच्या साठवलेल्या पीएल साफ होतात, आणि हे मी झालेलं बघितलंय.

दुसरा-चौथा शनिवार आणि "एकाआड एक" शनिवार एकच समजणं

याची एक गोष्ट सांगतोच, कारण ही चूक लवकर सापडत नाही.

ठाण्यातलं एक डिझाइनचं ऑफिस, दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी. बँकांना १ सप्टेंबर २०१५ पासून तशी सुट्टी झाली, तसं बऱ्याच ऑफिसांनी तेच धरलं, त्यातलंच हे. जानेवारी २०२५ ला त्यांनी सॉफ्टवेअर सुरू केलं आणि साप्ताहिक सुट्टीच्या यादीत "अल्टरनेट सॅटर्डे" होतं ते निवडलं. जानेवारीत ११ आणि २५, फेब्रुवारीत ८ आणि २२, मार्चमध्ये ८ आणि २२. सगळं जुळलं. तीन महिने चाचणी नीट झाली म्हणून एक्सेल बंद केलं.

पण मार्च २०२५ मध्ये पाच शनिवार होते. २२ मार्चनंतर एकाआड एक मोजलं की ५ आणि १९ एप्रिल येतात, आणि ऑफिसची सुट्टी होती १२ आणि २६ ला. एप्रिलअखेर पगाराची शीट काढली तर सगळ्यांचे दोन-दोन खाडे. मॅडमनी बिचाऱ्यांनी एकेकाची हजेरी हाताने दुरुस्त केली, मे महिन्यातही तेच केलं. ३१ मे हा पुन्हा पाचवा शनिवार, त्यामुळे जूनपासून दोन्ही मोजण्या आपोआप जुळल्या आणि सगळ्यांना वाटलं की सॉफ्टवेअरवाल्यांनी दुरुस्त केलं असेल. ऑगस्टमध्ये परत पाच शनिवार आले, आणि सप्टेंबरमध्ये परत खाडे.

तेव्हा मला बोलावलं. सेटिंग सापडायला वेळ लागला नाही, कॅलेंडर उघडून सप्टेंबर बघितला की दिसतंच, ६ आणि २० रंगवलेले. त्रास झाला तो मागचं निस्तरायला. कारण मॅडमनी हजेरी दुरुस्त केली होती, रजा नाही. १४ एप्रिलला सोमवारी आंबेडकर जयंती होती, म्हणून काही जणांनी ११ ते १४ अशी रजा एकाच अर्जात टाकली होती, खरी रजा फक्त शुक्रवारची. सिस्टीमने शनिवार कामाचा धरून दोन सीएल कापले, ते कापलेलेच राहिले. आणि उलट बाजूने, ५ आणि १९ एप्रिलला जे नेहमीसारखे कामावर आले त्यांना सिस्टीमने "सुट्टीच्या दिवशी काम" म्हणून कॉम्प ऑफ देऊन टाकले होते, काहींनी ते वापरलेही. आता वापरलेला कॉम्प ऑफ परत कसा घेणार? मालकांनी सोडून दिला, आणि मला ते योग्य वाटलं, कारण चूक त्या लोकांची नव्हतीच. कापलेले सीएल मात्र एकेक शोधून परत जमा केले.

म्हणून माझा नियम, चालू करायच्या आधी सॉफ्टवेअरमधून पूर्ण बारा महिन्यांचं सुट्टीचं कॅलेंडर प्रिंट काढायचं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरशी लाल पेनने ताडून बघायचं, पाच शनिवार असलेला महिना आणि त्याच्या पुढचा महिना आधी. एका महिन्याच्या ट्रायलवर विश्वास ठेवू नका, या ऑफिसची तर तीन महिन्यांची ट्रायल बरोबर आली होती.

तयार सुट्ट्यांची यादी जशीच्या तशी घेणं

"इंडिया हॉलिडेज" असं बटण असतं, दाबलं की वर्षभराच्या सुट्ट्या भरल्या जातात. २०२५ मध्ये केंद्राच्या यादीत दिवाळी २० ऑक्टोबरला होती आणि महाराष्ट्रात लक्ष्मीपूजनाची सुट्टी २१ ला. ज्यांनी बटण दाबलं त्यांची ऐन दिवाळीत गडबड. तो २०१७ चा कायदा लागू असेल तिथे ८ पगारी सुट्ट्या आहेत, त्यात २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर ठरलेल्या, उरलेल्या चार मालक आणि कामगार यांनी वर्ष सुरू व्हायच्या आधी मिळून ठरवायच्या. त्या बसून ठरवा आणि हाताने भरा, फार तर अर्धा तास जातो.

आणि एक गोष्ट डेमोत जरूर विचारा. मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी द्यावी लागते आणि ती तारीख वर्षाच्या सुरुवातीला माहीत नसते. २० नोव्हेंबर २०२४ ला बुधवारी विधानसभेचं मतदान होतं, कोणाची १८ ते २२ रजा आधीच मंजूर झालेली असेल आणि मग ही सुट्टी यादीत घातली, तर त्याचा एक दिवस आपोआप परत जमा होतो का? काहींमध्ये होतो, काहींमध्ये रजा रद्द करून परत टाकावी लागते. दुसरा प्रकार चालेल, पण तो माहीत हवा.

ओपनिंग बॅलन्स अंदाजाने टाकणं

ओपनिंग बॅलन्स म्हणजे सॉफ्टवेअर सुरू करताना प्रत्येकाच्या खात्यात टाकायची रजेची शिल्लक. वर्षाच्या मध्ये सुरू करायची घाई असते, एक्सेल अर्धवट असतं, मग कोणीतरी म्हणतं सगळ्यांना सरसकट दहा टाकून देऊ. नका करू असं. ज्याच्या बारा होत्या तो विसरत नाही. मी प्रत्येकाची शिल्लक कागदावर काढून त्याच्याच सहीने घेतो, व्हॉट्सॅपवरचं "ओके" चालत नाही मला, सही लागते. दोन जण दुरुस्ती सांगतातच, ती त्याच आठवड्यात झाली की पुढचा वाद संपतो. जमत असेल तर १ जानेवारीपर्यंत थांबा.

व्हॉट्सॅपवर मंजुरी चालू ठेवणं

सॉफ्टवेअर घेतल्यावरही सर ग्रुपवर अंगठा दाखवून रजा मंजूर करत असतील तर ते सॉफ्टवेअर मेलंच म्हणून समजा. सिस्टीममध्ये अर्ज नाही, म्हणजे खाडा, म्हणजे २५ तारखेला मला फोन. हे थांबवायचं काम मालकाचंच आहे. "अॅपमध्ये टाक, मी तिथेच बघतो" हे त्यांनी स्वतः महिनाभर प्रत्येकाला म्हणायला हवं. लोकांना सवय लागते, आमच्याकडे पन्नाशीच्या सुपरवायझर काकांनासुद्धा लागली, त्यांना फक्त कोणीतरी शेजारी बसून दोनदा दाखवायला हवं होतं.

बाकीच्या थोडक्यात

किंमत माणशी किती हे विचारून थांबू नका, किमान किती माणसांचं बिल येतं ते विचारा, बारा जणांच्या टीमला पंचवीसचं बिल येऊ शकतं.

मंजुरी देणारा स्वतः रजेवर असेल तर अर्ज कोणाकडे जातो ते आधीच सेट करा.

मॅटर्निटीचे २६ आठवडे नेहमीच्या रजांमधून वजा होत नाहीत ना, हे एक खोटा अर्ज टाकून बघा.

आजारपणाचे मेडिकल सर्टिफिकेट अपलोड करायला लावत असाल तर ते कोणाकोणाला उघडता येतं ते तपासा. एका ऑफिसात टीममधल्या सगळ्यांनाच दिसत होतं, एका मुलीला त्याचा फार त्रास झाला. हे मालकांनी स्वतः लॉगिन करून बघावं अशी माझी कळकळीची विनंती आहे.

लोकेशन, सेल्फी हजेरी, कामगिरीचं मूल्यमापन हे सगळं गळ्यात मारलं जातं, रजा नीट चालेपर्यंत घेऊ नका.

आणि सात-आठ माणसं असतील तर घेऊच नका. एक गूगल शीट, त्यात एकाच व्यक्तीला लिहायचा हक्क, बाकीच्यांना फक्त बघायचा, आणि महिन्याच्या एक तारखेला प्रत्येकाला त्याची शिल्लक. विक्रेते काही म्हणोत, मी अशा ऑफिसांना स्पष्ट नाही सांगतो.

पैसे भरायच्या आधी सगळा डेटा बाहेर काढून बघा. पीडीएफ रिपोर्ट उपयोगाचा नाही. एक्सेल हवं, आणि त्यात प्रत्येक रजेची वेगळी ओळ हवी, कोणाची, कधीपासून कधीपर्यंत, कुठल्या प्रकारची, कोणी कधी मंजूर केली. ट्रायलमध्येच चार खोट्या रजा टाका, एक रद्द करा, एक हाफ डे ठेवा आणि ते एक्सेल मागवा. रद्द केलेली रजा त्यात दिसत नसेल तर विक्रेत्याला विचारा की ती कुठे गेली, आणि उत्तर लेखी घ्या.