ईसीजीवरचा रिदम वाचताना या चुका टाळा

ईसीजीचा कागद हातात आला की इंटर्न असो वा नर्सिंगचा विद्यार्थी, नजर आधी वर छापलेल्या मशीनच्या निदानाकडे जाते. तिथे 'सायनस टॅकीकार्डिया' (हृदयाच्या नेहमीच्या केंद्रातूनच येणारी, पण वेगवान लय) असं वाचलं, की मग पट्टीतही तेच दिसायला लागतं. रिदम, म्हणजे ठोक्यांची लय, शिकताना होणाऱ्या बहुतेक चुका इथूनच सुरू होतात: नाव आधी ठरतं आणि पुरावा मागाहून शोधला जातो. मशीन ठोके बऱ्यापैकी मोजतं, पण लपलेल्या पी लहरी (हृदयाच्या वरच्या कप्प्यांची, म्हणजे एट्रियांची खूण), पेसमेकरचे स्पाइक आणि थरथरलेली रेषा यांत ते अनेकदा फसतं. म्हणून कागदाचा तेवढा भाग दुमडा, स्वतःचं मत लिहून काढा आणि मगच तो उघडा.

कागदाचा वेग बघायची सवय लावून घ्या. सेकंदाला २५ मिमी असेल तरच छोटा चौकोन ०.०४ सेकंदाचा आणि मोठा ०.२० सेकंदाचा धरता येतो. कोणी मशीन ५० वर ठेवलं असेल, तर नेहमीच्या हिशेबाने हृदयगती निम्मीच निघते आणि क्यूआरएस (खालच्या कप्प्यांच्या ठोक्याची टोकदार लहर) उगाच रुंद वाटतो.

३०० भागिले मोठे चौकोन, हे सूत्र सगळ्यांना पाठ असतं. ते नियमित रिदमसाठी आहे. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये (एट्रियांच्या अनियमित थरथरीत) दोन ठोक्यांत एकदा दोन चौकोन असतात, एकदा पाच. म्हणजे एकाच पट्टीवर १५० पण येतं आणि ६० पण. तिथे १० सेकंदांच्या लांब पट्टीवरचे सगळे क्यूआरएस मोजून ६ ने गुणा.

आता पी लहरीकडे. माझ्या मते रिदम शिकण्यातला निम्मा वेळ हिच्यावरच खर्च व्हायला हवा. लीड दोन आणि व्ही-१ या दोन लीडमध्ये (लीड म्हणजे हृदयाकडे बघण्याची ईसीजीची एकेक दिशा) ती सहसा सगळ्यात स्पष्ट असते. सायनस म्हणायचं असेल तर लीड दोनमध्ये ती वर, एव्हीआर या लीडमध्ये खाली आणि प्रत्येक क्यूआरएसच्या आधी असायला हवी. एवढं बघितल्याशिवाय 'सायनस' लिहू नका, कारण दोनास एक फ्लटर हा वेगळाच रिदम हमखास याच नावाखाली लपतो.

तो पकडायचा कसा? फ्लटरमध्ये एट्रिया मिनिटाला साधारण ३०० वेळा आकुंचन पावतात आणि त्यातला एक आड एक ठोका खालच्या कप्प्यांत पोचतो. त्यामुळे नाडी १५०च्या आसपास येते आणि तिथेच अडून बसते. तापाने वाढलेली सायनस गती ताप उतरला, सलाईन गेलं की हळूहळू कमी होते. फ्लटर तासाभरानेही १४८, १५०, १४९ असाच दिसतो. कॅलिपर (अंतर मोजायचं दोन टोकांचं साधन) घ्या. व्ही-१मध्ये लागोपाठच्या दोन क्यूआरएसमधलं अंतर पकडा आणि त्याचं निम्मं करा. एक टोक दिसणाऱ्या पी लहरीवर ठेवलं की दुसरं टोक क्यूआरएसच्या शेपटीवर किंवा टी लहरीत (क्यूआरएसनंतरच्या लहरीत) पडतं. तिथे छोटासा उंचवटा दिसला, तर ती लपलेली दुसरी लहर असू शकते. डॉक्टरांनी अ‍ॅडेनोसिन दिल्यावर ठोके क्षणभर विरळ होतात आणि खालचे करवतीचे दाते (फ्लटरच्या लहरी) उघडे पडतात. ती पट्टी चालू ठेवून छापून घ्या. औषध दिलं आणि छापायचंच राहिलं, असं वॉर्डात फार वेळा होतं. काही अँटीअ‍ॅरिदमिक औषधांवर फ्लटर मंदावतो, तेव्हा १५० नाही म्हणून फ्लटर नाही, असंही म्हणू नका.

मध्येच रेषा थांबली, की लगेच 'हार्ट ब्लॉक' (वरून खाली येणारा विद्युत संदेश अडणं) लिहिण्याची घाई होते. आधी विरामाच्या अलीकडची टी लहर बाकीच्या टी लहरींशी ताडून बघा. ती जास्त उंच किंवा टोकदार असेल, तर वेळेआधी आलेली पी लहर तिच्यात बसलेली असते. असा खाली न पोचलेला एट्रियल ठोका हे विरामाचं अगदी नेहमीचं कारण आहे, आणि त्याला पेसमेकर लागत नाही. टी लहरी सारख्या असतील तर पीआर (पी लहरीच्या सुरुवातीपासून क्यूआरएसपर्यंतचं अंतर) मोजा. वेंकेबाख ब्लॉकमध्ये (पीआर वाढत वाढत एक ठोका गळतो, त्या प्रकारात) पीआर ठोक्यागणिक इतका थोडा वाढतो की डोळ्यांना कळत नाही. विरामाच्या आधीचा शेवटचा आणि नंतरचा पहिला पीआर शेजारी ठेवला की फरक लगेच दिसतो. डच डॉक्टर कारेल वेंकेबाख यांनी १८९९ मध्ये हा प्रकार नाडीच्या आलेखावरून टिपला, आइंटहोव्हन यांचं ईसीजी यंत्र यायच्याही आधी. इतकं बारकाईने मोजणं आपल्याला कॅलिपर हातात असताना जमायलाच हवं.

थरथरीला रिदम समजू नका. पार्किन्सनचा कंप सेकंदाला ४ ते ६ वेळा होतो, म्हणजे जवळपास फ्लटरच्याच गतीने. लीड एक दोन्ही हातांवरून बनतो. तो स्वच्छ आणि लीड दोन, तीन खराब असतील तर डावा पाय तपासा. लीड दोन स्वच्छ आणि एक, तीन खराब असतील तर डावा हात. पेशंट दात घासत असताना मॉनिटरवर व्हीटीसारखं (व्हेंट्रिक्युलर टॅकीकार्डिया, खालच्या कप्प्यांतून निघणारा धोकादायक वेगवान रिदम) चित्र येतं; पल्स ऑक्सिमीटरची लहर मात्र शांतपणे चालू असते. अलार्म वाजला की आधी पेशंटकडे बघा. रेषेला बारीक केसाळ जाडी असेल तर ती ५० हर्ट्झची वीज आहे. अर्थिंग आणि खाटेजवळचा चार्जर बघा.

लीड एकमध्ये सगळंच उलटं आणि एव्हीआर सुलटा दिसला, तर दुर्मिळ रिदमची नावं शोधू नका. दोन्ही हातांच्या तारा अदलाबदल झाल्या असण्याची शक्यता जास्त. छातीच्या लीडमध्ये आर लहर (क्यूआरएसचा वर जाणारा सुळका) नेहमीप्रमाणे वाढत असेल, तर तारा नीट लावून ईसीजी पुन्हा काढा.

रुंद क्यूआरएस आणि वेगवान नियमित रिदम दिसला, की दुसरं काही सिद्ध होईपर्यंत व्हीटीच धरा, विशेषतः आधी हार्ट अटॅक येऊन गेलेल्या पेशंटमध्ये. 'बीपी चांगलं आहे, बोलतोय, म्हणजे एसव्हीटी असेल' (एसव्हीटी म्हणजे वरच्या भागातून निघणारा, सहसा कमी धोक्याचा वेगवान रिदम) हा तर्क धोक्याचा आहे. व्हीटीतही पेशंट बराच वेळ शुद्धीवर राहू शकतो, आणि त्याला व्हेरापामिल (एसव्हीटीवरचं औषध) दिलं तर बीपी कोसळू शकतं.

रुंद क्यूआरएस आहे, पी लहर कुठेच नाही, पण वेग फारसा नाही, अशा वेळी पेशंटचं डायलिसिस चुकलंय का ते विचारा. पोटॅशियम वाढलं की पी लहर पुसली जाते, क्यूआरएस पसरत जातो आणि शेवटी टी लहरीत मिसळतो. लॅबच्या रिपोर्टची वाट न बघता सीनियरला बोलवा आणि कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी काढून ठेवा.