फ्लॉपीशिवाय साटा डिस्कवर विंडोज एक्सपी बसवताना या चुका टाळा

एक्सपीची सीडी लावली, निळ्या पडद्यावर फाइली लोड झाल्या आणि संदेश आला की संगणकात एकही हार्ड डिस्क सापडली नाही. किंवा त्याच्याही आधी, ७बी या अक्षरांनी संपणारा स्टॉप कोड दाखवून मशीन थांबले. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सुरुवातीच्या सेटिंगमध्ये) डिस्क नीट दिसत असेल, तर केबल बदलण्यात आणि दुसरी डिस्क मागवण्यात वेळ घालवू नका. सीडीवरच्या सुरुवातीच्या फाइली बायोसच्या मदतीने वाचल्या जातात. त्यानंतर सेटअपचा स्वतःचा कर्नल (विंडोजचा गाभा) ताबा घेतो आणि तिथून पुढे कंट्रोलरशी, म्हणजे डिस्क हाताळणाऱ्या चिपशी, बोलायला त्याला स्वतःचा ड्रायव्हर लागतो. एक्सपी २००१ साली आली, तेव्हा एएचसीआय, म्हणजे साटा डिस्कशी बोलण्याची नवी पद्धत, नव्हतेच. त्यामुळे सीडीत त्याचा ड्रायव्हर नाही. सगळी अडचण एवढ्यात आहे, आणि ती सीडी लावण्यापूर्वीच सोडवावी लागते.

एफ६ दाबून पेन ड्राइव्हची वाट पाहणे

सेटअप सुरू होताना खाली एफ६ दाबण्याची सूचना येते. ती दाबून पुढे एस दाबले की सेटअप ड्रायव्हर मागतो, पण फक्त ए: ड्राइव्हवरून, म्हणजे फ्लॉपीवरून. पेन ड्राइव्ह किंवा दुसरी सीडी तो विचारातच घेत नाही. काही बायोस पेन ड्राइव्हला फ्लॉपी म्हणून दाखवतात; तेही इथे चालत नाही, कारण कर्नलने ताबा घेतल्यावर बायोसचे ते सोंग संपते.

यूएसबी फ्लॉपी ड्राइव्हचे थोडे वेगळे आहे. मोजकीच मॉडेल सेटअपला ओळखता येतात. इतर मॉडेलवर ड्रायव्हर सुरुवातीला वाचला जातो आणि फाइली कॉपी करायच्या टप्प्यावर तीच फ्लॉपी पुन्हा मागितली जाते. ती घातलेली असूनही सापडत नाही आणि सेटअप अडकतो. असा ड्राइव्ह मुद्दाम विकत घेऊ नका.

बायोसमधला सोपा मार्ग आणि त्यातला खड्डा

सर्वांत सोपा उपाय म्हणजे बायोसमध्ये साटाचा मोड एएचसीआयवरून आयडीई (डिस्क जोडण्याची जुनी पद्धत) करणे. काही ठिकाणी त्याला कम्पॅटिबल, लेगसी किंवा एटीए असे नाव असते. पर्याय बहुधा इंटिग्रेटेड पेरिफेरल्स किंवा साटा कॉन्फिगरेशन या पानावर सापडतो. या मोडमध्ये एक्सपी आपल्या जुन्या ड्रायव्हरवर चालते. एनसीक्यू (डिस्कने कामांचा क्रम स्वतः लावणे) आणि चालू मशीनमध्ये डिस्क काढण्या-घालण्याची सोय जाते, पण एखादे जुने यंत्र किंवा जुना प्रोग्राम चालवण्यापुरती एक्सपी हवी असेल, तर आमचा सल्ला हाच: आयडीई मोड ठेवा आणि पुढचा खटाटोप वाचवा.

चूक होते ती नंतर. विंडोज बसली, सगळे सुरळीत चालले, म्हणून कुणीतरी बायोसमध्ये जाऊन मोड परत एएचसीआय करतो आणि ७बी हजर होतो. मोड पूर्ववत केला की विंडोज पुन्हा सुरू होते, त्यामुळे घाबरून सगळे नव्याने बसवू नका.

सीडीत ड्रायव्हर घालताना

बायोसमध्ये आयडीईचा पर्यायच नसेल, किंवा एएचसीआय हवेच असेल, तर ड्रायव्हर सीडीतच मिसळावा लागतो. यासाठी एनलाइट हा प्रोग्राम वापरतात. सर्वाधिक चुका इथेच होतात, म्हणून हा भाग सावकाश करा.

आधी कंट्रोलरचा आयडी शोधा. लिनक्सच्या लाइव्ह सीडीवरून मशीन सुरू करून एलएसपीसीआय ही आज्ञा दोन वेळा एन या पर्यायासह दिली की साटा कंट्रोलरपुढे दोन आकडे दिसतात: पहिला उत्पादकाचा, दुसरा चिपचा. इंटेलचा पहिला आकडा ८०८६. मात्र दुसरा आकडा मोडनुसार बदलतो. इंटेलची आयसीएच९आर चिप आयडीई मोडमध्ये २९२० दाखवते, एएचसीआयमध्ये २९२२ आणि रेडमध्ये (अनेक डिस्क एकत्र वापरण्याच्या मोडमध्ये) २८२२. म्हणून बायोसमध्ये जो मोड कायम ठेवायचा आहे तो आधी निवडा, मग आयडी पाहा. आयडीई मोडमध्ये पाहिलेल्या आयडीवरून एएचसीआयचा ड्रायव्हर निवडणे ही नेहमीची चूक आहे.

ड्रायव्हर घेताना फ्लॉपीसाठी दिलेली झिप घ्या. उघडल्यावर आत टीएक्सटीसेटअप.ओईएम ही फाइल दिसली पाहिजे. ती नसेल आणि नुसती सेटअपची ईएक्सई असेल, तर ते पॅकेज आधीच चालू असलेल्या विंडोजसाठी आहे. ३२ बिट एक्सपीला ३२ बिटचाच ड्रायव्हर लागतो, आणि ज्या आवृत्तीच्या माहितीत एक्सपीचा उल्लेख नाही ती घेऊ नका. टीएक्सटीसेटअप.ओईएम नोटपॅडमध्ये उघडून तुमचा आयडी शोधा. तिथे तो नसेल, तर सीडी बनवूनही डिस्क दिसणार नाही.

आता सीडीतल्या सगळ्या फाइली एका रिकाम्या फोल्डरमध्ये कॉपी करा आणि एनलाइटला तो फोल्डर दाखवा. सर्व्हिस पॅक ३ मिसळायचा असेल तर तो ड्रायव्हरच्या आधी, आणि सीडीच्याच भाषेतला. ड्रायव्हर घालताना सिंगल ड्रायव्हर निवडा, आयएनएफ फाइल (ड्रायव्हरची माहिती देणारी) दाखवा आणि पुढच्या चौकटीत टेक्स्टमोड हा प्रकार घ्या. पीएनपी ठेवलात तर ड्रायव्हर सीडीत जाईल, पण तो सेटअपच्या दुसऱ्या, चित्रमय टप्प्यात कामाला येतो. डिस्क शोधायची असते पहिल्या टप्प्यात. नंतर येणाऱ्या यादीत तुमच्या चिपचे आणि तुमच्या मोडचे नाव निवडा. काही चुकले तर त्याच फोल्डरवर पुन्हा एनलाइट चालवू नका. मूळ सीडीवरून नवी प्रत घेऊन सुरुवात करा, नाहीतर जुन्या नोंदी आत राहतात.

शेवटी एनलाइटकडून आयएसओ बनवून ती प्रतिमा म्हणून बर्न करा. फोल्डरमधल्या फाइली नुसत्या सीडीवर ओढून टाकल्या तर बूट सेक्टर जात नाही आणि सीडी सुरूच होत नाही.

डिस्क दिसली, पण आकार चुकीचा

सेटअपमध्ये मोठी डिस्क १३१ हजार एमबीच्या आसपास दिसत असेल, तर सीडी सर्व्हिस पॅक १ च्या आधीची आहे. तिला १३७ जीबीपलीकडचे पत्ते कळत नाहीत. तशीच पुढे जाऊ नका, विशेषतः डिस्कवर आधीचा डेटा असेल तर. तो बिघडण्याचा खरा धोका आहे. २ टीबीहून मोठ्या डिस्कचा प्रश्न वेगळा. तिथे एमबीआर या पार्टिशन नोंदवण्याच्या जुन्या पद्धतीची मर्यादा आड येते आणि ३२ बिट एक्सपीला जीपीटी ही नवी पद्धत वाचता येत नाही. अशा मशीनसाठी लहान डिस्क घ्या.

२०११ च्या सुमारास ४ केबी सेक्टरच्या डिस्क सर्रास झाल्या. त्या बाहेरून ५१२ बाइटचे सेक्टर दाखवतात, म्हणून एक्सपी बसते. पण तिचे सेटअप पहिले पार्टिशन ६३ व्या सेक्टरपासून सुरू करते. मग विंडोजचा प्रत्येक ४ केबीचा तुकडा डिस्कच्या दोन सेक्टरांवर पसरतो आणि एका लेखनासाठी दोन सेक्टर वाचून पुन्हा लिहावे लागतात. मशीन चालते, पण फाइली लिहिताना रखडते, आणि दोष विनाकारण डिस्कवर जातो. उपाय आधीच करायचा: जीपार्टेड या पार्टिशन करायच्या प्रोग्रामने एमआयबी अलाइनमेंट निवडून प्रायमरी पार्टिशन करा. एक्सपीच्या सेटअपमध्ये तेच पार्टिशन निवडा आणि हवे तर फॉरमॅट करा, पण डी दाबून ते काढू नका. काढून नवे केले की सुरुवात परत ६३ वर येते. नंतर खात्रीसाठी विंडोजच्या एमएसइन्फो३२ या माहिती दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये पार्टिशनचा स्टार्टिंग ऑफसेट पाहा. १०,४८,५७६ बाइट असेल तर बरोबर, ३२,२५६ असेल तर चुकले.

बाकीची डोकेदुखी

कार्ड रीडर, पेन ड्राइव्ह आणि जादा डिस्क काढून ठेवा. नाहीतर कार्ड रीडर सी: बळकावतो आणि विंडोज आय: वर जाऊन बसते, हे अक्षर नंतर नीट बदलता येत नाही. मदरबोर्डवर साटाचे दोन रंगांचे सॉकेट असतील तर डिस्क मुख्य चिपसेटच्या सॉकेटला जोडा, कारण दुसऱ्या चिपला वेगळा ड्रायव्हर लागतो. व्हीआयएच्या व्हीटी८२३७ सारख्या जुन्या चिपसेटवर नवी डिस्क बायोसमध्येही दिसत नसेल, तर वेगाचे न जमणे हे कारण असू शकते. वेस्टर्न डिजिटलच्या अनेक डिस्कवर ५-६ पिनांवर जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) लावला की ती १.५ गिगाबिटवर चालते. त्याच कंपनीच्या सुरुवातीच्या ४ केबी डिस्कवर ७-८ चा जंपर एक्सपीच्या पार्टिशनसाठी होता. विंडोज बसल्यावर तो लावला किंवा काढला तर सगळे पत्ते सरकतात आणि डिस्क बूट होत नाही.

विंडोज व्हिस्टापासून सेटअपमधल्या लोड ड्रायव्हर बटणावरून पेन ड्राइव्ह वाचला जातो, तरी मूळ प्रश्न संपलेला नाही. इंटेलच्या ११ व्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपवर विंडोज १० किंवा ११ बसवताना ड्राइव्हची यादी रिकामी येते, कारण व्हीएमडी, म्हणजे डिस्क इंटेलच्या वेगळ्या कंट्रोलरमागे ठेवणारी सोय, चालू असते. ड्रायव्हरची झिप किंवा ईएक्सई तशीच दाखवून उपयोग नाही. आयएनएफ आणि सिस फाइली उघड्या फोल्डरमध्ये हव्यात. आणि व्हीएमडी बंद करायचे असेल तर ते विंडोज बसवण्यापूर्वी करा. नंतर केल्यास परिणाम एक्सपीसारखाच होतो: बूट डिव्हाइस सापडत नाही म्हणून निळा पडदा.