मागून ठोकर बसलेली पिकअप: पुन्हा माल भरण्याआधी

सायन-पनवेल हायवेवर मानखुर्दच्या गर्दीत पुढची गाडी थांबते, तुमची पिकअप थांबते आणि मागचा टेम्पो थांबत नाही. फाळका चेपतो, टेललाइट फुटते. वाशी मार्केट गाठायची घाई असते, म्हणून रस्त्यावरच हजार-दोन हजारांत मिटवायची बोलणी सुरू होतात. तेवढ्यावर मिटवू नका. पिकअपचा हौदा वेगळा, चेसिस म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा वेगळा. मार चेसिसच्या दोन्ही लांब पट्ट्यांतून पुढे जातो आणि वरचा हौदा सरळच दिसत राहतो.

कुणाला लागलं असेल तर आधी 108 किंवा 112. मग दोन्ही गाड्यांचे नंबर दिसतील असे फोटो, समोरच्याचं लायसन्स आणि विम्याचा कागद. गाडी सीएनजीवर असेल आणि वास आला, तर इंजिन बंद करा, सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा आणि माणसं लांब करा. मार बसलेला किंवा पट्ट्यातून सरकलेला सिलिंडर अधिकृत केंद्रात दाखवल्याशिवाय भरू नका. दर 3 वर्षांच्या हायड्रो टेस्टची, म्हणजे पाण्याच्या दाबाने होणाऱ्या सिलिंडरच्या चाचणीची, तारीख शिल्लक असली, तरीही.

तपासायच्या आधी गाडी धुऊ नका, हे मी प्रत्येकाला सांगतो. चेसिसवर चिखल आणि गंजाचा थर असतो. पट्टी जिथे वाकली किंवा ताणली, तिथला थर ताजा निखळलेला दिसतो. टॉर्च घेऊन मागच्या अ‍ॅक्सलच्या वरचा वळणाचा भाग, क्रॉस मेंबरचे (दोन्ही लांब पट्ट्या जोडणाऱ्या आडव्या पट्ट्यांचे) जोड आणि केबिनच्या मागची जागा बघा, फोटो काढा. हौदा चेसिसला धरणाऱ्या यू-बोल्टच्या शेजारी चकचकीत ओरखडा असेल, तर हौदा सरकला आहे. केबिन आणि हौद्यामधली फट दोन्ही बाजूंनी टेपने मोजा. एवढं झालं की मग धुवा आणि तडे शोधा.

मापं घ्यायला टेप, खडू, ओळंबा आणि एक मदतनीस लागतो. सपाट जमीन मिळवणं मुंबईत सगळ्यात अवघड. गल्लीतल्या उतारावर घेतलेलं माप काही कामाचं नाही. व्हील अलाइनमेंटवाल्याकडे सपाट फरशी असते, त्याला दुपारच्या मोकळ्या वेळेत विचारा. चेसिसवर डावी-उजवीकडची सारखी भोकं किंवा पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) पिना निवडा, दोन पुढच्या आणि दोन मागच्या. प्रत्येकीतून ओळंबा सोडून जमिनीवर खडूची खूण करा, गाडी बाजूला घ्या आणि दोन्ही कर्ण मोजा. ते जुळायला हवेत. एखाद्या सेंटिमीटरचा फरक दिसला, तर चेसिस तिरकी झाल्याचा संशय धरून ती कंपनीच्या मापांशी ताडून घ्या. मग चाकं सरळ ठेवून पुढच्या हबच्या (चाक बसतं त्या भागाच्या) मध्यापासून मागच्या हबच्या मध्यापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी घ्या. ते वेगळं आलं, तर पाट्यांचा सेंटर बोल्ट तुटून अ‍ॅक्सल सरकला असण्याची शक्यता मोठी. पावसाळ्यात आणखी सोपं: ओल्या जागेतून कोरड्या रस्त्यावर सरळ पुढे घ्या आणि मागच्या चाकांचे पट्टे पुढच्यांच्या तुलनेत एकाच बाजूला जातात का, ते बघा.

खाली वाकलाच आहात तर स्टेपनीचा कॅरिअर, सायलेन्सरचे हँगर, डिझेल टाकीचे पट्टे, ब्रेकचे पाइप आणि वायरिंग एका फेरीत बघून घ्या. लोडप्रमाणे मागच्या ब्रेकचं प्रेशर ठरवणारा व्हॉल्व्ह असेल, तर त्याची दांडी वाकलेली नाही ना, हे मात्र नीट पाहा. ती वाकली तर रिकाम्या गाडीत काही जाणवत नाही. भरल्या गाडीत ब्रेक कमी-जास्त लागतो. केबिनमध्ये सीटचा कणा, रेल आणि बेल्ट ओढून बघा. धक्क्याने गाडी पुढच्या वाहनावर आदळली असेल, तर रेडिएटरही.

मग रिकामी गाडी चालवून बघा. स्टिअरिंग सरळ ठेवूनही गाडी एका बाजूला ओढते का? वेग वाढताना बुडातून थरथर येते का? ती प्रोपेलर शाफ्टच्या (गिअरबॉक्सची ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या दांड्याच्या) क्रॉसची किंवा सेंटर बेअरिंगची असू शकते.

हे सगळं बघा, पण खोलू काहीच नका. आधी विमा कंपनीला कळवा आणि नुकसान तपासणारा त्यांचा सर्व्हेअर येऊन जाऊ द्या. मात्र तुमच्या विम्यात स्वतःच्या नुकसानीचं कव्हर आहे का, ते वाचा. नुसत्या थर्ड पार्टीत तुमची दुरुस्ती येत नाही. खोलल्यावर आतलं नुकसान निघालं, तर तिथेच काम थांबवा, फोटो काढा आणि सर्व्हेअरला पुन्हा बोलवा. गॅसची ज्योत लावून चेसिस सरळ करून देतो म्हणणारा मिस्त्री भेटेल, स्वस्तही असेल. त्याला नको म्हणा: तापवलेल्या लोखंडाची ताकद कमी होते आणि तिथूनच पुढे तडा जातो.

दुरुस्तीनंतरच्या पहिल्या खेपेला अर्धाच माल घ्या आणि परतल्यावर पाट्यांचे आणि हौद्याचे सगळे यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्या.